बाई दारी येऊन गेल्या

तुमच्या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसते. पिंपळावरचा मुंजा, वाटेत भेटलेला चकवा, विहिरीवरची बाई... माझा यातल्या कशावर कधी विश्वास बसला नाही. अमावस्येला घरातली सगळी माणसं दार लावून बसायची, तेव्हा गोठ्यात कंदील घेऊन मीच जायचे. तरीसुद्धा एक गोष्ट माझ्या बाबतीत घडली. माझ्या बाबतीत म्हणायची की माझ्याशिवाय म्हणायची, ते तुम्हीच ठरवा. आणि तीही भर दुपारी, लख्ख उन्हात, बेचा पाढा चालू असताना!

एकोणीसशे तीस सालानंतरची ती वर्षं. मी पुण्याला ट्रेनिंग करून, लग्न होऊन रत्नागिरीला आले होते. आमचे हे कोर्टात कारकून. गावात एका जुन्या चिरेबंदी घराच्या बाजूला लांब पडवी होती. तिला भिंती घालून तिथे लहान मुलांची शाळा भरायची – बिगरी आणि पहिली. घराच्या मालकीणबाईंना सगळे माई म्हणत. शाळा काढली होती थोरल्या बाईंनी. शिकवायला त्या आणि मी, अशा दोघीच. वकिलाचा मुलगा आणि मांडवी बंदरावरच्या खलाशाची मुलगी एकाच जाजमावर बसणार, हा थोरल्या बाईंचा हट्ट. काही लोक कुरकुरले, पण मुलं मात्र पाठवत राहिले. कारण त्या शाळेची शिस्त!

शिस्त मुलांना थोडी आणि घरच्यांना जास्त, असा तो प्रकार होता. सोमवारी नखं कापलेली हवीत. रुमाल छातीशी टाचलेला हवा, कारण हातात दिलेला रुमाल शाळेत पोचेपर्यंत पाखरासारखा उडून जातो. कानातल्या बाळीखेरीज अंगावर सोनं नको. अंग कोमट लागलं तरी मूल पाठवायचं नाही. "शाळेत गेला की बरं वाटेल त्याला," ही सबब चालायची नाही. डब्यात लाडू असेल तर तो एकट्यानं खायचा नाही – हा नियम मुलांनी सर्वात मनापासून पाळला, विशेषतः दुसऱ्याच्या लाडवाच्या बाबतीत.

पण सगळ्यात कडक नियम होता शाळा सुटतानाचा. घरचं माणूस आल्याशिवाय मूल सोडायचं नाही. पूर्वी एकदा एक कार्टं आगबोट बघायला एकटंच बंदरावर जाऊन बसलं होतं, तेव्हापासूनचा हा नियम. मोठी माणसं समोरच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, उभी राहणार. मी दाराशी. एकेक मूल उंबऱ्यावर येणार, मी विचारणार, "कोण आलंय तुझं?" मुलानं बोट दाखवून सांगायचं, "ती माझी आत्या." मगच सुटका. आणि दुसरा तितकाच कडक – वेळेआधी शाळा सोडायची नाही. तो अधिकार फक्त थोरल्या बाईंचा.

या नियमाची एक गंमत सांगते. मांडवीची आमची चंद्री. तिचा बाप मुंबईला बोटीवर कामाला. दोन वर्षांनी घरी आला तो हौसेनं थेट शाळेत, मुलीला न्यायला. नवा कोट, हातात खाऊचा पुडा. मी चंद्रीला विचारलं, "कोण आलंय तुझं?" तिनं त्याला नीट न्याहाळलंन आणि म्हणाली, "मला नाय म्हायत." झालं! बिचारा परत मांडवीला गेला आणि बायकोला, राधाबाईला, घेऊन आला. ती डोक्यावरची मासळीची पाटी तशीच घेऊन आली आणि खळ्यात उभी राहून इतकी हसली की पाटीतले बांगडेसुद्धा हलायला लागले. "बाई, तुमचा रूल भारी हाय. माज्या घोवाला पण पास लागतो!"

आता तो दिवस. दसरा होऊन गेला होता. आभाळ स्वच्छ, पावसाचा थेंब नाही, वाऱ्याची झुळूक नाही. थोरल्या बाई भाचीच्या मुलाच्या बारशाला गुहागरला गेल्या होत्या, त्यामुळे शाळा माझ्या एकटीवर. मी त्या दिवशी खुशीत होते. भावानं मुंबईहून बोटीनं मोरपिशी रंगाचं नवं पातळ पाठवलं होतं, ते पहिल्यांदा नेसले होते. ती खुशी दुपारपर्यंतच टिकली. मधल्या सुट्टीनंतर यमुनाताईंचा बंडू माझ्या टेबलाखाली शिरला, डोकं वर काढलंन, आणि दौत कलंडली. शिंतोडे थेट माझ्या डाव्या खांद्यावर. मोरपिशी पातळावर काळा डाग... बंडूनं माझ्या तोंडाकडे बघितलंन आणि स्वतःच कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. त्याला काय बोलणार?

मी पाढे घ्यायला लागले. माई समोरच्या ओटीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. खिडकीतून त्या मला दिसत होत्या, मी त्यांना. मधूनच त्या मुलांबरोबर पाढा पुटपुटत होत्या. मी जागची हलले नाही. डुलकी लागली नाही, मन भरकटलं नाही. हे इतकं ठासून का सांगतेय ते आता कळेल.

शाळा सुटायला बराच अवकाश होता आणि खळ्यात अप्पा आले. शानूचे आजोबा, पेन्शनर, एरवी छत्री टेकत सावकाश येणारे. आज छत्रीही नाही, धापा टाकत होते.

"शानू बरी आहे ना?"

"बरी आहे की. का हो अप्पा?"

"का म्हणजे? तुम्हीच तर सांगून गेलात, शाळा आज लवकर सुटणार, ताबडतोब या म्हणून!"

मला हसू आलं. वाटलं, म्हातारपण. दुपारी झोपले असतील, स्वप्न पडलं असेल. "अप्पा, मी सकाळपासून इथेच आहे. बसा घटकाभर, पाणी देते."

तोवर यमुनाताई फाटकातून आत आल्या. कोपरापर्यंत पीठ, चकल्यांचं. "आले हो बाई! तळण तसंच सासूबाईंवर टाकून आले. काय झालं एवढं?" त्यांच्या मागे आणखी दोघी. मग कुणाचा काका, कुणाची आत्या. सगळ्यांचं एकच – बाई दारात आल्या होत्या, शाळा लवकर सुटतेय म्हणाल्या, लगेच निघा म्हणाल्या.

आता मात्र मला राग आला. कुणीतरी चेष्टा केलीय आणि थोरल्या बाई नाहीत असं बघून केलीय, असंच मला वाटलं. मी कमरेवर हात ठेवून उंबऱ्यात उभी राहिले. "हे बघा, मी कुणाकडे आले नाही. वेळ झालेली नाही. वेळेआधी मी मूल सोडणार नाही. बसा सगळे ओटीवर."

माई ओटीवरून म्हणाल्या, "अगो, ही कुठे जाणार? माझ्या डोळ्यांसमोर आहे की दुपारभर!"

एवढ्यात राधाबाई आली. मांडवीहून चालत, घामानं निथळत. ती आली ती सरळ माझ्यापाशी आणि माझ्या खांद्याकडे बघून म्हणाली, "काय वो बाई, डाग तसाच? मगाशी सांगितलं ना तुमास्नी, लिंबू नि मीठ चोळा म्हणून? नव्या लुगड्याची माती केलीत!"

तुम्हाला सांगते, माझा हात आपोआप त्या डागावर गेला. ते पातळ मी त्या दिवशी पहिल्यांदा नेसले होते. डाग पडला तो मधल्या सुट्टीनंतर. आणि माझा खांदा राधाबाईला दिसला तो आत्ता, या क्षणी. मग मगाशी तिनं कुणाच्या खांद्यावरचा डाग पाहिलान?

मागे वर्गात मुलं खळ्यातली गर्दी बघून चुळबुळ करायला लागली होती. अप्पा पुढे झाले. हळू आवाजात म्हणाले, "बाई, कोण आलं नि कोण नाही ते मागाहून बघू. तुमचे नियम दोन. वेळेआधी सोडायचं नाही आणि घरचं माणूस आलं की मूल त्याच्या हाती द्यायचं. आता एक मोडावाच लागेल. कुठला मोडता?"

मी थोरल्या बाईंचा चेहरा आठवला, आणि वेळेचा नियम मोडला. "ओळीनं या रे. एकेक."

तशाही स्थितीत मी विचारत होते, "कोण आलंय तुझं?" आणि मुलं सांगत होती. शानू आजोबांकडे गेली. चंद्री आईकडे धावली. वर्ग रिकामा झाला. मी दार ओढून घेणार तर खळ्यात यमुनाताई तशाच उभ्या, पिठाचे हात पुढे धरून.

"बाई, आमचा बंडू?"

मी वळून बघितलं. बंडू कोपऱ्यातच होता! दुसऱ्या जाजमाच्या गुंडाळीमागे, आडवा, गाढ झोपलेला. हाक मारली तर हूं की चूं नाही. मी आत गेले, त्याला तसाच खांद्यावर टाकला, त्याच डागाच्या खांद्यावर, आणि बाहेर आले. खळ्यात चार पावलं टाकली असतील नसतील, मागे लाकूड कडाडलं. असा आवाज मी आयुष्यात पुन्हा ऐकला नाही. मधली तुळई मोडली, तिच्यावर वासे, वाशांवर कौलं... सगळी पडवी खाली बसली. लाल धूळ उठली. माईंच्या सुपातले तांदूळ लाल झाले.

कुणी रडेना. धूळ खाली बसत होती आणि प्रत्येकानं आपापलं मूल पोटाशी धरलं होतं. तेवढ्यात माझ्या खांद्यावर बंडू जागा झाला. डोळे चोळलेन, पडलेल्या शाळेकडे बघितलंन आणि विचारलंन, "बाई, शाळा सुटली?"

अप्पा आधी हसले. मग राधाबाई. मग सगळं खळं हसायला लागलं, आणि हसता हसता बायका रडायला लागल्या. यमुनाताईंनी बंडूला माझ्याकडून घेतलंनी तेव्हा त्याच्या गालाला, माझ्या केसांना, सगळीकडे चकलीचं पीठ लागलं.

तुळई आतून वाळवीनं पोखरलेली होती. बाहेरून गुळगुळीत, आत भुगा. त्याचं कारण सापडलं. दुसऱ्या गोष्टीचं मात्र नाही.

आमचे हे म्हणाले, तुझ्यासारखी दिसणारी दुसरी कुणीतरी असेल. मग दुसऱ्या दिवशी स्वतःच घरोघर चौकशीला गेले. कोर्टातलं माणूस, उलटतपासणी घेतल्याशिवाय राहणार थोडंच! पातळाचा रंग विचारलान, आवाज विचारलान, कुठून आली, कुठे गेली विचारलंन. घरं तीन दिशांना पांगलेली, पण सगळीकडे वेळ साधारण तीच. रात्री घरी आले, टोपी खुंटीला लावली आणि म्हणाले, "साक्षीदार सगळे पक्के आहेत. आरोपी मात्र शाळेत हजर होती." त्यानंतर त्यांनी हा विषय काढला नाही.

थोरल्या बाई गुहागरहून आल्या. सगळं ऐकून घेतलं, मोडक्या पडवीभोवती एक फेरी मारली, आणि म्हणाल्या, "वेळेआधी शाळा सोडलीत." मी मान खाली घातली. तर मला जवळ ओढून घेतलं आणि किती तरी वेळ सोडलंच नाही. दिवाळीनंतर शाळा दुसऱ्या घरात सुरू झाली. थोरल्या बाईंनी पालकांना बोलावून विचारलं, की असे भलते निरोप येऊ नयेत म्हणून एखादा नवा नियम करूया का? तेव्हा राधाबाई ताडकन उठली. "नको वो! बाई परत दारात आल्या तर आमी परत येणार. रूल गेला खड्ड्यात!" आणि त्या सभेत तिच्या बोलण्याला वकिलांपासून सगळ्यांनी माना डोलावल्या.

पुढे कित्येक वर्षं माझी चेष्टा व्हायची. बाजारात कुणी भेटलं की, "बाई, आज एकट्याच आलात की दोघी?" मीही हसायचे. काही काळानं खरोखरच ती एक गमतीची गोष्ट होऊन बसली.

मग बंडूचं लग्न झालं. मांडवात यमुनाताई माझ्याशेजारी येऊन बसल्या, हातात पानाचा विडा. म्हणाल्या, "बाई, तेव्हा एक गोष्ट सांगितली नाही मी. तुमच्या ह्यांच्या तपासणीपुढे जीभच वळली नाही. त्या दिवशी तुम्ही दारात उभ्या राहिलात ना, तर सासूबाई म्हणाल्या, 'उन्हातून आलात, बसा, गूळपाणी घ्या.' तुम्ही आत पाऊल टाकलं नाहीत. म्हणालात, 'बसत नाही. मुलं शाळेत एकटी आहेत.'"

तेवढ्यात मंगलाष्टकं सुरू झाली, त्या उठून गेल्या, आणि मी हातातल्या अक्षता तशाच धरून बसले.

मी अजून हिशेब लावतेय. मी त्या दुपारी वर्गात होते. माईंनी मला पाहिलं, मुलांनी माझ्यामागून पाढे म्हटले, दौत माझ्या अंगावर सांडली. मुलं एकटी नव्हती हो... मी होते ना त्यांच्यात!