मशिनीची सुट्टी

मला एका जागी बसवत नाही. माझ्या पायाला भिंगरी आहे असं आई म्हणते, आणि त्या नवरात्रात तर ती भिंगरी डोक्यात शिरली होती.

लालबागच्या आमच्या चाळीत तळमजल्यावर मंडळाची अभ्यासिका आहे. माझी वहिनी तिथे राज्यसेवेचा अभ्यास करायची. घरी दोन खोल्यांत पाच माणसं आणि सतत चालू असलेला टीव्ही, आणि वयाच्या अटीमुळे ही तिची शेवटची संधी. त्यात कोणीतरी अभ्यासिकेच्या वायफायवरून सिनेमे उतरवायला लागलं. इतरांच्या सराव परीक्षा मध्येच अडकायच्या, भांडणं व्हायची. मंडळाचे अध्यक्षकाका वैतागले आणि त्यांनी जाहीर केलं की दसऱ्यापर्यंत या इंटरनेटला शिस्त लागली नाही, तर अभ्यासिकेला कुलूप. पुढे तिथे व्यायामशाळा होईल. मी ऑफिसात नेटवर्कचंच काम करते, म्हणून चारचौघांत बोलून बसले, "काका, मी करते." वहिनीने माझ्याकडे बघितलं, आणि माघारीचा रस्ता बंद झाला.

काम तसं सोपं होतं. एक फायरवॉल बसवायची, म्हणजे इंटरनेटच्या दारात वॉचमन. ओपन सोर्स असल्यामुळे ती कोणालाही फुकट उतरवता येते. घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर ती पहिल्या झटक्यात चालू झाली आणि मी हवेत गेले. पण त्याचा पंखा इतका घरघरायचा, की अभ्यासिकेतल्या मुलींनी हात जोडले. मग ऑफिसच्या भंगारातून, साहेबांना विचारून, जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी आणली. तिला पंखा नव्हता, आवाज नव्हता, आणि स्क्रीन लावायलाही जागा नव्हती.

ती काय म्हणते ते कळायला मागच्या सिरियल पोर्टला केबल जोडून लॅपटॉपवर बघावं लागतं. "सिरियलवर काहीच दिसत नाही," मी पुटपुटले, तर आई आतून म्हणाली, "मग केबलवाल्याला फोन कर." पुढे दिसलं ते नुसतं चिन्हांचं गिचमिड, कारण पेटीचा आणि लॅपटॉपचा वेग जुळत नव्हता. तो जुळवला, तर पेटी अर्ध्या वाटेत थांबून डिस्क सापडत नाही म्हणायला लागली. मी जुन्या कॉम्प्युटरवरची सगळी मांडणी तशीच उचलून आणली होती आणि त्यात डिस्कचं नाव जुनंच होतं. चाळ पाडून नवी इमारत झाल्यावर ट्रान्झिट कॅम्पातून परतलेला माणूस आपल्या पाडलेल्या खोलीचा नंबर सांगत राहतो, तशातली गत. मी चिडत होते, उठत होते, गॅलरीत फेऱ्या मारून पुन्हा बसत होते. वहिनी चहा ठेवून जायची, विचारायची काही नाही. तिचं ते न विचारणं मला जास्त टोचायचं.

अष्टमीच्या संध्याकाळी ते नाव बदललं आणि पेटी एकदाची चालू झाली. ती अभ्यासिकेत नेऊन बसवली. वहिनीने आख्खी सराव परीक्षा दिली, कुठेही न अडकता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच वहिनीचा फोन आला. "ताई, नेट गेलंय. खाली या ना."

खाली गेले तर पेटी पुसून लख्ख केलेली, तिच्यावर गंध, अक्षता आणि झेंडूचं फूल. प्लग काढून वायर नीट गुंडाळून ठेवलेली. समोर बाबा, नुकतीच आंघोळ केलेले.

"बाबा, प्लग कोणी काढला?"

"मीच काढलंय. आज खंडेनवमी. मशिनीक सुट्टी."

बाबा गिरणीत साचेवाले होते, म्हणजे कापड विणायचे माग चालवायचे. खंडेनवमीला साचे बंद करायचे, पुसायचे, पुजायचे आणि दसरा उजाडेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. पण ही पेटी चालू असताना एकदम वीज तोडली की आतली मांडणी बिघडते. मी प्लग लावला. लॅपटॉपवर अक्षरं धावली आणि थांबली. मग मी प्लग काढला, परत घातला, परत काढला. असं दुसऱ्या कोणी केलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. आता कुलूप लागणार, वहिनीची शेवटची संधी जाणार, एवढंच डोक्यात घुमत होतं.

तेवढ्यात अध्यक्षकाका आले. "काय गं, नाही ना चालत?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा बोलले. मंडळाच्या बैठकीत शेवटच्या रांगेत गप्प बसणारे बाबा. "चेडवाची चूक नाय. मशीन मी बंद केलंय."

काकांनी झेंडूकडे बघितलं. त्यांचे वडीलही गिरणीतलेच. त्यांनी चपला काढल्या, पेटीला नमस्कार केला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "पूजा झाल्यावर हात कशाला लावतेस? उद्या बघू."

एक दिवस मिळाला, पण हात न लावण्याच्या अटीवर. माझ्यासाठी याहून मोठी शिक्षा नव्हती. वहिनी पुस्तक उघडून शांत बसली, आणि मी करी रोडच्या पुलापर्यंत उगाच चालत सुटले. पुलावर आठवलं की पेटी थांबण्याआधी शेवटच्या ओळीत डिस्क तपासायला सांगत होती. मी ती ओळ वाचलीच नव्हती, नुसती प्लगशी झोंबत होते. दसऱ्याला सकाळी तपासणीची आज्ञा दिली. पेटीने स्वतःला सावरलं आणि ती चालू झाली. काकांनी माझ्या हातावर आपट्याचं पान ठेवलं आणि अभ्यासिका राहिली.

वहिनीची ती संधी थोडक्यात हुकली. पुढे दुसऱ्या परीक्षेतून तिला माझगावला नोकरी लागली. तो अभ्यासही तिने त्याच खोलीत केला.

बाबांचा मला राग आला होता, तो दसऱ्याच्या दुपारी आईने उतरवला. गिरणीला कुलूप लागलं तेव्हा बाबा गावी होते, एवढंच ती म्हणाली. परत आले तर फाटक बंद, आणि आत त्यांच्या साच्यावर अर्धं कापड तसंच.

आता दर खंडेनवमीला मी पेटी बंद करायची आज्ञा टाइप करते आणि एंटर बाबा दाबतात. पेटीचा दिवा विझेपर्यंत ते तिच्यावरचा हात काढत नाहीत.

"नीट बंद झाली ना गो?"

"हो बाबा. नीट झाली."

मग ते झेंडू ठेवतात.