वेगळ्या बादलीचा पाहुणा

“सर, काका गेलं…” विलासच्या पुतण्याचा फोन आला तेव्हा मी बारामतीच्या मंडईत वांगी निवडत होतो. आदल्याच दिवशी मला जिलबी कमी खा म्हणून दटावणारा विलास माझ्याआधी निघून जातो, याचा मला आधी रागच आला. रडू नंतर, रिक्षात आलं.

वरकुट्याचा विलास आणि मी अंथुर्ण्याच्या शाळेत एका बाकावर बसायचो. मी बारामतीत भूगोल शिकवत राहिलो, तो सरकारी अणुकेंद्रात शास्त्रज्ञ झाला. हा बॉम्ब करतो, अशी गावाची ठाम समजूत. खरं तर त्याचं काम म्हणजे मागं उरलेलं निस्तरणं. अणुभट्टीतला जहाल कचरा काचेत वितळवून पोलादी डब्यात कसा कोंडावा, त्याच्यापासून माणसं कशी दूर ठेवावीत, यात त्याचा जन्म गेला. पुढं पुढं सरकारचा तज्ज्ञ म्हणून तो परदेशातल्या बैठकांना जाऊ लागला. अणुपदार्थ जिथं असायला हवा तिथंच आहे, वाटेत कुठं त्याला पाय फुटलेले नाहीत, हे देशांनी एकमेकांना कसं पटवायचं यावर तिथं खल चाले. “एकाचा दुसऱ्यावर इश्वास न्हाय, म्हणून आमचं पोट चालतंय,” असं म्हणून हसायचा. दिल्ली-मुंबईत कितीही इंग्रजी झाडलं तरी माझ्याशी बोलताना गडी वरकुट्याचाच.

त्याच्या थोरल्या भावाचं पहिलं मूल बारशाला विलासनं मांडीवर घेतलं होतं. तो तेव्हा नुकताच नोकरीला लागून सुट्टीवर आला होता. काही दिवसांतच ते बाळ गेलं. डॉक्टरांनी कावीळ सांगितली, आणि विलासला कुणी एका शब्दानं बोललं नाही. पुढच्या सुट्टीत मात्र न्हाणीत त्याची बादली वेगळी होती, तांब्या वेगळा होता आणि अंथरूण ओसरीवर टाकलेलं होतं. किरणं अंगाला चिकटून घरी येतात, असं वहिनींच्या मनानं घेतलं होतं. वास्तविक केंद्रातून बाहेर पडताना रोज अंगाची तपासणी होई. त्यानं एकदा समजावून पाहिलं. वहिनींनी मान हलवली आणि बादली वेगळीच ठेवली. पुढं त्यानं तो विषयच सोडला. गरम पाणी, पुरणपोळी, काही म्हणता काही कमी पडू दिलं नाही त्या बाईंनी… फक्त लेकरू जवळ दिलं नाही.

विलासनं लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर वरकुट्याला येऊन शेताच्या कडेला एक खोली बांधली. मागल्या वर्षी पुतण्याला, वहिनींच्या नंतर झालेल्या मुलाला, मुलगी झाली. बारशाला आम्ही दोघं पाळण्याशी उभे होतो आणि ती पोर विलासकडे बघून चक्क हसली. “घे की लेका,” मी म्हणालो. त्याचे हात पुढं झालेही होते.

“नगं भाऊजी,” वहिनी हळूच म्हणाल्या, “अजून लई नाजूक हाय ती.”

त्यानं हात मागं घेतले आणि पाठीशी बांधून उभा राहिला. मला ते बघवलं नाही. त्याला शेतावर सोडताना मी गाडीत त्याच्यावरच डाफरलो. एवढ्या देशांना पटवत आलास, घरात तुझं तोंड उघडत नाही?

“जे कळत न्हाय त्याच्यापासनं लांब ऱ्हावा, हे मीच जन्मभर सांगत आलो,” तो म्हणाला. “वहिनी तेच करत्यात. त्यांचं लेकरू गेलंय. आता काय, तपासणीचा कागद दाखवून पोरगी मागायची?”

 

परवा, तो जाऊन महिना उलटल्यावर, वरकुट्याला गेलो. वाटलं होतं त्याच्या खोलीला कुलूप असेल. दार सताड उघडं होतं. आत जमिनीवर नवीकोरी गोधडी अंथरलेली आणि तिच्यावर ती पोर गाढ झोपलेली. गोधडीतल्या निळ्या, करड्या रेघा ओळखीच्या वाटल्या. विलासचे शर्ट होते ते. वहिनी शेजारी बसून एका कडेला टाके घालत होत्या.

“लई मऊ हायती, सर. जाळवंनात,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी सुई गोधडीत टोचून ठेवली. “शेवटची आंघोळ घातली तवा समद्यांनी हात लावला त्यास्नी. म्या बी लावला. कुनाला काय झालं?…”

मी उंबऱ्यावर टेकलो.

“सर, तुमी शिकल्यालं. खरंच काय नव्हतं ना ओ त्यांच्या अंगाला?”

“नव्हतं, वहिनी. कधीच नव्हतं.”

त्यांनी डोळ्याला पदर लावला. झोपेत पोरीचा पाय थंड फरशीवर गेला होता. वहिनींनी तो उचलून पुन्हा विलासच्या शर्टावर ठेवला.