मिसरला जायची तयारी

वॉर्डच्या दारात आल्या आल्या ती उजवा हात वर करायची आणि शेवटच्या खाटेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "मी कामाला नाय आलंय."

मगच आत यायची. तिला तसं म्हणावंच लागे. रत्नागिरीत खाडीलगतच्या वस्तीत कोणी मुसलमान बाई वारली, की तिला शेवटची आंघोळ घालायला, गुसल द्यायला, हिला बोलावणं जाई. चाळीसेक वर्षं ती ते करत होती आणि तिच्याआधी तिची आई करायची. त्यामुळे ती नुसती डबा घेऊन कुणाला भेटायला आली, तरी बायकांच्या वॉर्डात कुजबुज सुरू व्हायची. एकदा एक म्हातारी हिला बघून खाटेवर ताडकन उठून बसली. त्या म्हातारीला बसतं करायला आम्ही आठ दिवस झटत होतो. मी म्हटलं, "खाला, तुम्ही रोज येत जा, आमची औषधं वाचतील."

सगळे तिला खालाच म्हणत, म्हणजे मावशी. मी तेव्हा सरकारी इस्पितळात नर्स होते, माहेर पालीचं, जीभ जरा तिखट. खाला दर सोमवारी माझ्याकडे रक्तदाब मोजायला यायची आणि बरोबर सांदणं आणायची. माझी ड्यूटी संपत आलेली असायची. मग आम्ही नर्सेसच्या खोलीत बसायचो. फिनेलच्या वासातही तिच्या अंगाचा, मयताच्या पाण्यात घालतात त्या कापराचा, वास वेगळा कळायचा.

मी पडले चौकस. "खाला, एवढ्या बायका तुमच्या हाताखालून गेल्या. काय काय बघितलं असेल तुम्ही!"

ती हात झटकायची. "पानी गेलं, बात गेली."

हे तिचं ठरलेलं वाक्य. मयताच्या अंगावर कोड दिसो, गाठ दिसो, कसला डाग दिसो, धुणारीनं ते पाण्याबरोबर सोडून द्यायचं, दाराबाहेर न्यायचं नाही. आईनं तिला लहानपणीच बजावलं होतं. मला त्याचं फार कौतुक होतं. आमच्याकडे रोगी शुद्धीवर यायच्या आत त्याच्या पोटातलं सगळं कँटीनमध्ये माहीत झालेलं असे.

दोन हजार एक साल असेल. तिचा एकुलता एक मुलगा आधी बोटीवर होता. त्यानं इजिप्तमध्ये, म्हणजे खालाच्या मिसरमध्ये, कैरोत जमिनीवरची नोकरी धरली आणि आईला लिहिलं, महिनाभर ये, मग मक्केला उमरा करून परत जा. ते पत्र तिला मागच्या घरातल्या नसीमानं वाचून दाखवलं. एकोणीस वर्षांची ही पोर तिची सगळीच पत्रं वाचायची. पत्रासोबत तिथल्या म्युझियमचं एक गुळगुळीत कागदाचं पुस्तक होतं, पण ते इंग्रजीत. म्हणून ते माझ्याकडे आलं.

"मिसरमदी मेलेली मानसं ठेवलीत म्हनं, अजून तशीच. वाच गो बाय."

वस्तीत हसू झालं. हजला जायच्या वयात ही फिरऔनला, त्या जुन्या जुलमी राजाला, बघायला निघाली, असं बायका म्हणू लागल्या. खालाचं उत्तर तयार होतं. "फिरऔनला अल्लानं बघायसाठीच ठेवलाय. मग कोनी बघायला नको?"

आम्ही तयारीला लागलो. पासपोर्टच्या फोटोत ती इतकी रागावलेली दिसत होती, की मी म्हटलं, हा बघून विमानच उतरवतील. स्वेटर लागेल का, तिकडे मासे मिळतात का, म्युझियममध्ये चपला काढायच्या का, असे प्रश्न ती मला विचारायची. जसं काही मी दर मे महिन्यात कैरोला जात होते. एक मात्र तिचं पक्कं होतं. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी म्युझियम, बाकी सगळं मग.

पुस्तकातली चित्रं ती कारागिराच्या नजरेनं बघायची. एका गुंडाळलेल्या राजावर बोट ठेवून म्हणाली, "कापड चांगलं घेतलंय. पन बांधलंय फार. आमी कबरीत उतरवल्यावर गाठी सोडतो. मानसाला जायला वाट नको?"

मी वाचत वाचत पुढे गेले. एका पानावर एका बाईचा देह होता. ती राणीबिणी नव्हती, कुणीतरी साधी, पंचविशीतली. तिच्या अंगाचे क्ष-किरण काढले तेव्हा गळ्याजवळचं हाड मोडलेलं सापडलं. तिचा गळा दाबला असावा, असं जाणकारांचं म्हणणं.

"परत वाच," खाला म्हणाली.

मी परत वाचलं.

"किती वर्सं झाली?"

"तीन हजार."

 सांदणाचा डबा तिनं न उघडताच पिशवीत टाकला. मी पट्टा बांधून रक्तदाब मोजला, मग उतरवून पुन्हा मोजला. एवढा वर गेलेला तिचा आकडा मी कधी पाहिला नव्हता.

पुढच्या सोमवारपासून तिचे प्रश्न बदलले. स्वेटर गेला, मासे गेले. "त्या बायला धुतलंन ती कोन होती? तिचं नाव लिवलंय काय?"

"नाही लिहिलेलं."

"पन तिनं बघितलं असेल. गळा धुताना बघितलंच असेल."

"बघितलं असेल."

"मग गप का राहिली?"

मी म्हटलं, कुणाच्या तरी भीतीनं राहिली असेल. खालानं मान हलवली. "भीतीनं नाय. तिला वाटलं असेल, हाच कायदा हाय."

याच सुमाराला नसीमाचं लग्न ठरलं. खालानं ते मला असं सांगितलं, जसं कुणी पंचांग वाचतं. मुलगा आखातात असतो, घर चांगलं आहे, बिजवर आहे. पहिली बायको तीन वर्षांपूर्वी विहिरीत पडून गेली. आणि लगेच म्हणाली, "पोराला कळवलंय, तिकीट लग्नाच्या चार दिस आधीचं काढ."

"नसीमाच्या लग्नाला थांबणार नाही?"

"नाय."

तुम्हीही माणसं बघत आला आहात. तुमच्या लक्षात आलं असेल, तसं माझ्याही आलं. ती विहिरीतली सून मला आठवत होती. अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. तिला इस्पितळात आणलंच नव्हतं, संध्याकाळच्या आत दफन झालं होतं. लोक दोन दिवस हळू आवाजात बोलले आणि मग आंब्याच्या भावावर बोलू लागले. तिला शेवटची आंघोळ कुणी घातली असणार, हे कळायला काही मोठी अक्कल लागत नव्हती. पण मी विचारलं नाही. तिनं सांगितलं तर मला काहीतरी करावं लागलं असतं. मी आपली दर सोमवारी पट्टा बांधून पारा बघत राहिले. याची मला आजही लाज वाटते.

निघायच्या दिवशी ती दुपारी वॉर्डात आली. मुंबईची एस.टी. संध्याकाळची होती आणि मुलगा मुंबईला घ्यायला येणार होता. काखेत बॅग, पायात नवे बूट. दारात उभी राहिली. हात वर केला नाही. काही बोललीही नाही.

 शेवटच्या खाटेवरची बाई चादर छातीपर्यंत ओढून घेताना मला दिसली. मी जवळ गेले, तशी खाला हळूच म्हणाली, "आज कामाला आलंय, बाय."

खोलीत गेल्यावर तिनं पुस्तक काढलं आणि ते पान पुन्हा वाचायला लावलं. मग उभ्यानंच बोलली.

"विहिरीत बुडलेली बाय मी धुतलेली हाय. तिचं पोट पान्यानं भरलेलं असतं. हिचं नव्हतं. आनि गळ्यावर बोटं उठली होती. चार हिकडं, एक तिकडं. मी त्यांच्यावर पानी ओतलं नि गप राहिली. मना वाटलेलं, मातीत गेलं की संपलं. ही तर तीन हजार वर्सांनी बोलतेय."

"आणि तुम्ही तिला बघायला चाललात."

"पळून चाललंय," ती म्हणाली.

मी बदलीच्या नर्सला बोलावलं आणि तिच्याबरोबर निघाले. पोलिसांकडे जाऊ म्हटलं तर तिनं आधी मशिदीतल्या मौलानांना गाठायचा हट्ट धरला. तिचा नियम मोडायचा, तर तो मोडता येतो की नाही हे तिला त्यांच्याच तोंडून हवं होतं. मौलाना माझ्यापेक्षा वयानं लहान होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"खाला, मयताचा ऐब, त्याचं व्यंग, झाकायचं असतं," ते म्हणाले. "तिच्यावर झालेला जुल्म झाकायचा नसतो. हे तुम्ही तेव्हाच विचारायला हवं होतं."

"तवा मना वाटलं, मना म्हाईत हाय."

एवढंच. चाळीस वर्षं जो नियम तिनं अभिमानानं पाळला, त्याचा अर्धाच भाग तिच्यापर्यंत आला होता. ती तिथून उठली आणि तडक नसीमाच्या बापाकडे गेली, तिथून पोलिसांकडे. संध्याकाळची एस.टी. तिच्याशिवाय गेली.

लग्न मोडलं. चौकशी सुरू व्हायच्या आत तो माणूस विमानात बसून परत आखातात गेला, तो पुन्हा फिरकला नाही. त्याचे दोन भाऊ मात्र इथेच होते. खाला बाजारात गेली की ते रस्त्याच्या पलीकडे उभे राहायचे. काही बोलायचे नाहीत.

आणि तिला बोलावणी येणं थांबलं. बोलणारी धुणारी कुणाला हवी असते? मयतं आता दुसऱ्या गावातली एक बाई येऊन धुवायची. खाला सोमवारी वॉर्डात आली की हात वर करायची, "मी कामाला नाय आलंय," म्हणायची, आणि मग स्वतःशीच पुटपुटायची, "कामच नाय रव्हलं."

एका सोमवारी तिनं पिशवीतून पांढरं कापड काढून माझ्या टेबलावर ठेवलं. पहाटे उंबऱ्यावर कुणीतरी ठेवून गेलं होतं. ते कफन होतं, तुकडे कापून, घडी घालून. मी उठून खोलीचं दार लावून घेतलं.

खालानं मात्र चष्मा लावून तुकडे मोजले. "तीनच हायत. पुरुषाला तीन लागतात. बायला पाच. ज्यानं ठेवलंन, त्याला इतकं पन म्हाईत नाय." तिनं कापड चिमटीत धरून पाहिलं. "सूत चांगलं हाय पन."

मी तिला सांगितलं, एकटी राहू नका. ती नसीमाच्या घरी निजायला जाऊ लागली, पण दिवसभर आपल्याच घरात असायची. बाकीचे दोन तुकडे तिनं स्वतः आणले, पाचही कापूर घालून ट्रंकेत ठेवले आणि नसीमाला दाखवून ठेवले. नसीमा तिच्याकडून मयत धुवायचं काम शिकत होती, हे मला नंतर कळलं.

मिसरचा बेत काही आम्ही सोडला नाही. मुलगा रागावला होता, तरी येत्या थंडीत नक्की म्हणत होता. पुस्तकाचं ते पान हाताळून मऊ पडलं होतं. मी एकदा विचारलं, तिथे जाऊन तुम्ही करणार काय? म्हणाली, "त्या बायला सांगायचंय, तुजी धुनारी चुकली. तिच्या वतीनं मी माफी मागतंय." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते बघितलं आणि सांदणाचा डबा पुढे सारला.

ती गेली ती त्या थंडीच्या आधी. सकाळी आपल्याच परसातल्या धुण्याच्या दगडाजवळ पडलेली सापडली, शेजारी बादली कलंडलेली.

मी पोचले तेव्हा अंगण भरलं होतं. रडणं कमी आणि एकमेकांकडे बघणं जास्त. प्रत्येकाच्या मनात एकच गोष्ट होती आणि कुणी ती ओठावर आणत नव्हतं. ते दोघे भाऊही आले होते, फाटकापाशी, डोक्याला रुमाल बांधून. दुसऱ्या गावातल्या बाईनं निरोप पाठवला होता की तिला बरं नाही. मग नसीमा उठली, ट्रंक उघडून ते पाच तुकडे काढले आणि आपल्या आईला घेऊन आत गेली. दार लागलं.

आम्ही पाण्याचा आवाज ऐकत उभे राहिलो. मोरीतून पाणी बाहेर येऊन तांबड्या मातीतून उताराला लागलं आणि कापराचा वास आला. फार वेळ लागला. इतका वेळ का लागतोय, म्हणून मी पुन्हापुन्हा दाराकडे बघत होते. फाटकापाशी कुणी खोकलंसुद्धा नाही.

दार उघडलं. नसीमाच्या बाह्या कोपरापर्यंत भिजल्या होत्या. धुणारीनं मान खाली घालून बाजूला व्हायचं असतं. ती झाली नाही. तिनं खालासारखाच उजवा हात वर केला आणि फाटकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "खालाच्या अंगावर कुठं काय नाय. ती तिच्या मरनानं गेली. मी सगळं बघितलं. काय असतं, तर आत्ता हितंच सांगितलं असतं."

फाटकापाशी ते दोघे खाली बघत होते. उताराचं पाणी तोवर जिरून गेलं होतं. नसीमाचा हात अजून वरच होता.