बसून शिवणारी बाई

माझी आत्या वर्षभर परदेशात नोकरी करून परत आली, तेव्हा ती का परत आली याचं कारण घरातल्या प्रत्येकाकडे आधीच तयार होतं. बाबा म्हणाले, तब्येतीला झेपलं नसेल. आईला वाटलं, एकटेपणा खायला उठला असेल. काकू, म्हणजे माझ्या धाकट्या काकांची बायको, स्वयंपाकघरात आईच्या कानाशी लागून म्हणाली, "काढून टाकलं असणार, दुसरं काय. इथे नांदली नाही, तिथे टिकली नाही."

आत्या बाहेरच्या खोलीत बॅगेच्या कुलपाशी झटापट करत होती. आमच्या घरात सगळ्यांत तिखट कान तिचेच. मान वर न करता ती म्हणाली, "बरोबर आहे तुझं. पुढे ठेवलं नाही मला. पण टिकायला मी काय कापडाचा रंग आहे?"

काकूने नळ सोडला आणि आईने आधीच घासून ठेवलेली भांडी पुन्हा घासायला घेतली.

'नांदली नाही' हे आत्याला चिकटलेलं जुनं लेबल. लग्नानंतर वर्षाच्या आत ती सासर सोडून आली होती. का आली ते तिने कधीच कुणाला सांगितलं नाही. "मला तिथे राहायचं नव्हतं," एवढंच म्हणायची. लोकांना एवढ्यावर समाधान होत नाही, त्यामुळे ज्याने त्याने आपल्या परीने कारणं शोधून काढली. ती आमच्याकडे राहू लागली तेव्हा मी जेमतेम चालत होते. दिवसा ती बाजारातल्या लेडीज टेलरच्या दुकानात शिवणकाम करायची आणि संध्याकाळी येऊन आमच्या स्वयंपाकघरात उभी राहायची. पाहुणे येऊ देत, कुणी आजारी पडू दे, आईबाबांना गावाला जायचं असू दे, सगळ्यावर घरात एकच उत्तर होतं: आत्या आहे ना.

मग एकदा दुकानाच्या मालकीणबाईंनी सांगितलं की, परदेशातल्या एका मोठ्या हॉटेलच्या शिवणखोलीत बायका हव्या आहेत. करार एका वर्षाचा, राहायची सोय त्यांचीच. आत्याने त्याच दिवशी जेवताना आम्हाला सांगून टाकलं की ती जाणार आहे.

बाबांचा घास हातातच राहिला. "विचारतेयस की सांगतेयस?"

"सांगतेय."

"अगं, या वयात?"

"तरुण होते तेव्हा म्हणाला असतास, एकटी तरुण बाई कशी जाणार. आता म्हणतोस, वय झालं. मधलं वय कुठलं असतं ते सांग दादा, म्हणजे तेव्हा जाते."

बाबा पुढे बरेच दिवस तिच्याशी बोलले नाहीत. विमानतळावर सोडायला मात्र आले आणि पूर्ण वेळ तिची बॅग स्वतःच्या हातात धरून उभे राहिले. ती आत जायला निघाली तेव्हा बॅग त्यांच्याकडून जवळजवळ ओढूनच घ्यावी लागली.

तिथली हकिगत आत्याने मला तुकड्यातुकड्यांनी सांगितली, कधी कापड बेतताना, कधी तोंडात टाचण्या धरून.

हॉटेलचा पुढचा दरवाजा तिने वर्षभरात एकदाच पाहिला, तोही रस्त्याच्या पलीकडून. कामगारांनी मागून यायचं, कचऱ्याच्या डब्यांजवळून, आणि जिना उतरून तळघरात जायचं. बाहेर हाडं गोठवणारा वारा, आणि आत कपडे धुण्याची यंत्रं, इस्त्रीचे अजस्र रूळ, वाफ. जिन्याच्या मधल्या पायरीवर ऋतू बदलायचा, असं ती म्हणायची. शिवणखोलीला खिडकी नव्हती. चादरींच्या उसवलेल्या कडा, पडद्यांची तुरपाई, दारावर उभ्या राहणाऱ्या पोरांच्या कोटांची बटणं, कुठे रफू, कुठे अस्तर. काम अंगवळणी पडलेलं होतं, माणसं नव्हती. सुरुवातीला ती रोज न्हाणीघरात नळ सोडून रडायची. एके दिवशी दार वाजलं. बाहेर तिच्याच खोलीत राहणारी, इस्त्रीवर काम करणारी एक उंच बाई उभी होती. ती तिसऱ्याच कुठल्या देशातून आलेली. ती म्हणाली, "रड हवं तेवढं, पण गरम पाणी संपवू नकोस."

आत्याला हसू आलं आणि तिथून दोघींची गट्टी जमली. दोघींचंही इंग्रजी मोडकं, पण वेगवेगळ्या जागी मोडलेलं, त्यामुळे दोघींची मिळून एक धड भाषा व्हायची.

सुट्टीच्या दिवशी बाकीच्या बायका झोप काढायच्या. आत्या समोर येईल त्या बसमध्ये चढायची आणि शेवटच्या थांब्यावर उतरायची. तिथे पाहण्यासारखं काही असायचंच असं नाही. एखादं मैदान, एखादी शाळा, वाळत घातलेले कपडे. थोडं चालायची, बाकावर बसायची, परतीची बस धरायची. "मजा काय होती त्यात?" मी एकदा विचारलं. तिने टाचण्या तोंडातून काढल्या. "शेजारी बसलेली बाई हसायची, हवेबद्दल बोलायची. नवरा काय करतो हे कुणी विचारलं नाही. जन्मात पहिल्यांदा मी नुसती एक बाई होते."

पुढे कधीतरी तळघरावर नवीन सुपरवायझर आला. तरुण, चकचकीत बुटांचा, कामाचा वेग वाढवून दाखवायला आलेला. त्याने काही दिवस सगळीकडे फिरून पाहिलं आणि मग एका सकाळी शिवणखोलीत पाहावं तर मशीनपुढचं स्टूल सोडून एकही खुर्ची जागेवर नव्हती. हातशिलाईचं टेबलही उंच करून घेतलेलं. त्याचं म्हणणं, बसलं की माणूस सुस्तावतो, तेव्हा हातशिलाई यापुढे उभ्याने करायची.

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. आत्या म्हणाली, "बटण लावायला पाय कशाला लागतात?"

"नियम आहे," तो म्हणाला.

"कुणी केला?"

"मी."

त्या दिवशी सगळ्या उभ्या राहिल्या, आत्यासुद्धा. हे ती लपवत नाही. नोकरी गेली तर मधल्या मध्ये परत जायचं, आणि घरी सगळे दारात वाट बघत असणार, 'आम्ही म्हटलंच होतं' म्हणायला. या एका विचाराने तिने संध्याकाळपर्यंत कळ काढली. रोजच उभ्याने इस्त्री करणारी उंच बाई रात्रीच्या जेवणाला आली तेव्हा तिचे पाय सुजून बुटात मावत नव्हते. आत्याने बादलीत गरम पाणी आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी आत्या कामावर आली, धुतलेली एक फाटकी चादर जमिनीवर अंथरली, चपला बाजूला काढल्या आणि सरळ मांडी घालून बसली. मांडीवर कोट घेतला. सुईत दोरा ओवायला गेली तर दोरा जाईना. इस्त्रीवरची उंच बाई हे बघत होती. ती काम सोडून आली, सुई ओवून आत्याच्या हातात दिली आणि परत गेली.

सुपरवायझर आला. जमिनीवर बसलेली बाई त्याने बहुधा पहिल्यांदाच पाहिली असावी, कारण आधी तिला काही लागलंय की काय म्हणून तो वाकला.

"पडलात का?"

"नाही. बसलेय."

"खुर्च्या काढल्यात ना?"

"म्हणून तर जमिनीवर बसलेय. खुर्ची मला लागतेच असं नाही. आमच्याकडे माणसं जमिनीवरच शिवायला शिकतात."

"उठा. उभं राहून काम करा."

"कोट तपासा. बटण सैल निघालं तर उभी राहते."

त्याने कोट तपासला नाही. वर तक्रार करायची धमकी देऊन तो निघून गेला. दुपारपर्यंत मशीनवरची बाई सोडून शिवणखोलीतल्या सगळ्या खाली बसल्या होत्या, कुणी टॉवेलांच्या गठ्ठ्यावर, कुणी उपड्या टोपलीवर. मांडी घालायची सवय नसलेल्या दोघीतिघींना उठताना हात देऊन ओढावं लागायचं आणि त्यावरून खोलीत इतकं हसू उसळायचं की शेजारच्या धुलाईखात्यातली माणसं डोकावून जायची. उंच बाईला इस्त्रीपाशी उभंच राहावं लागायचं, पण मधल्या सुट्टीत तीही येऊन आत्याच्या चादरीवर पाय पसरायची.

हे आठवडाभर चाललं. अखेर वरच्या मोठ्या बाई, सगळ्या हाउसकीपिंग खात्याच्या प्रमुख, खाली आल्या. वर बड्या पाहुण्यांची वर्दळ होती आणि पडद्यांचं काम तातडीने हवं होतं. त्यांनी जमिनीवरच्या बायका पाहिल्या, सुपरवायझरकडे पाहिलं, आणि खुर्च्या कुठे आहेत एवढंच विचारलं. संध्याकाळी निम्म्या खुर्च्या परत आल्या. उरलेल्या तशाच कोठीत राहिल्या, कारण सगळ्या परत आणल्या असत्या तर सुपरवायझरचं नाक कापलं गेलं असतं. बायकांनी पाळ्या लावून घेतल्या. आत्याने पाळी घेतली नाही. ती वर्ष संपेपर्यंत जमिनीवरच बसली. "त्याला रोज दिसायला नको?" ती मला म्हणाली.

त्याने डूख धरला हे सगळ्यांना माहीत होतं. करार संपत आला तेव्हा एकेकीला बोलावून पुढच्या वर्षाचं विचारलं गेलं. आत्याला बोलावणं आलं नाही. मोठ्या बाई तिला जिन्यात भेटल्या. त्या वाईट नव्हत्या. म्हणाल्या, "तुमचं काम मला हवंय. त्याच्याशी एकदा बोला. सॉरी म्हणा, विषय संपेल."

"कशाबद्दल सॉरी?"

"असंच. म्हणायचं म्हणून."

आत्याने विचार केला. तिला तिथे राहायला आवडलं असतं. हे तिने मला स्पष्ट सांगितलं. तिला त्या बस आवडत होत्या, तो बाक, स्वतःच्या किल्लीने उघडणारं दार. शेवटी ती म्हणाली, "बाई, बसल्याबद्दल सॉरी म्हटलं तर उद्या तो उरलेल्या खुर्च्याही काढेल."

आणि ती सामान बांधायला गेली. निघताना उंच बाईने तिला मिठी मारली आणि तिच्या डोक्यावरून नाक पुसून घेतलं, कारण तिचं नाक बरोबर तिथेच यायचं. दोघी अजून फोनवर बोलतात. ती आता दुसऱ्या हॉटेलात आहे.

आत्या घरी आली तेव्हा तिच्या खोलीत बाबांनी कपाट, जुने पंखे आणि माझ्या भावाचं व्यायामाचं सामान भरलेलं होतं. तिची गादी दिवाणखान्यात घातली गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने, अगदी सहज, कणकेचं भांडं तिच्यापुढे सरकवलं. आईच्या मनात वाईट काही नव्हतं. वर्षभर एकटीने सगळं ओढून ती थकली होती.

आत्याने भांडं आईपुढे परत सरकवलं. "वहिनी, अधूनमधून करीन. पण रोजचं धरून चालू नका. मी खोली बघतेय."

"कसली खोली?"

"भाड्याची. दुकानाजवळ."

बाबा आतून आले. "स्वतःचं घर असताना? लोक काय म्हणतील?"

"मागेही म्हणाले होते. त्यांना सवय आहे, मलाही आहे."

"मी तुला कधी काही कमी केलं?"

"नाही केलंस. पण दादा, मी इथे राहत होते तेव्हाही ती खोली खरी माझी नव्हती, हे मला तेव्हा कळलं नाही. आता कळतं. त्याला मी काय करू?"

महिना संपायच्या आत ती गेली. दुकानाच्या मागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर, एक खोली आणि कोपऱ्यात ओटा. काकूने नातेवाइकांत सांगायचं ते सांगितलं. परदेशाचं वारं लागलं, डोक्यात हवा गेली, वगैरे. आत्याच्या कानावर सगळं यायचं. तिने कुणाला खुलासा दिला नाही. लग्नाकार्यात कुणी खोचकपणे विचारलं, "मग, वर्षभरातच परत?" तर ती म्हणायची, "हो, वर्षभरातच," आणि समोरच्याच्या डोळ्यांत पाहत थांबायची.

मी जायचे तिच्याकडे. बाबा जात नसत. आमच्याकडून डबा पाठवत, दिव्याची तार दुरुस्त करायला माणूस पाठवत, स्वतः मात्र त्या गल्लीत पाऊल टाकायचं नाही, असं सगळं पावसाळाभर चाललं. मग एका रविवारी मी निघाले तेव्हा तेही चपला घालून दारात उभे होते.

जिना चढून त्यांना धाप लागली. खोलीत एकच खुर्ची होती, तिच्यावर गिऱ्हाइकाचे ब्लाऊज होते. आत्या ते उचलायला लागली तर बाबा "राहू दे" म्हणाले आणि खाली सतरंजीवर बसले. त्यांनी भिंती पाहिल्या, ओटा पाहिला, खिडकीतून समोरची गच्ची पाहिली.

"जागा लहान आहे," ते म्हणाले.

"मला पुरते."

"घरी चल म्हणायला आलो होतो."

"येणार नाही, दादा."

"ते दिसतंय." त्यांनी चहाचा कप हातात घेतला. मग म्हणाले, "तिकडे थंडी फार होती का गं?"

आत्याने माझ्याकडे पाहिलं. परत आल्यापासून सगळ्यांनी तिला परत का आलीस हेच विचारलं होतं. तिकडे कसं होतं, हे माझ्याखेरीज कुणी विचारलं नव्हतं. तिने हातातला ब्लाऊज घडी घालून बाजूला ठेवला आणि मग म्हणाली, "थंडी म्हणजे, पहिल्या दिवशी बसमधून उतरले आणि मला वाटलं माझे कान गळून पडले."

बाबा हसले. तिने बसचं सांगितलं, शेवटच्या थांब्यांचं, उंच बाईचं, मग त्या सुपरवायझरचं. बाबांनी मध्येच विचारलं, "मग सॉरी म्हटलं असतंस तर ठेवलं असतं?"

"ठेवलं असतं."

"आणि तू नाही म्हटलंस."

"नाही म्हटलं."

मला वाटलं, आता ते तिला रागावणार. पण त्यांनी नुसती मान हलवली, चहा संपवला, आणि गिऱ्हाईक जिना चढून येईपर्यंत तिथेच बसून राहिले.