लांडगीण पाहायला गेलेली माणसं

लांडगे पाहायला जायचं निखिलने ठरवलं. त्याच्याकडे नवी लेन्स होती आणि बिबट्यांचा त्याला कंटाळा आला होता. मी गेलो, कारण गाडी माझी होती.

पुण्याहून सातारा, तिथून कोरेगाव, पुसेगाव आणि पुढे माण. पहाटे निघालात तर दहिवडीत जेवायला पोहोचता. खोली हजारात मिळते, गरम पाणी बादलीने. पौषात थंडी बोचते. निखिलने जंगलात मिसळून जाणारे कपडे घेतले होते. माणात जंगल नाही. पिवळ्या माळावर तो हिरवागार उठून दिसत होता.

बिरू आणि हौसाबाई या धनगर जोडप्याचा मुक्काम गावाच्या गायरानात होता. आसपास आणखी चार-पाच धनगरी वाडे, म्हणजे मेंढरांचे तळ. हौसाबाईंनी मेंढीच्या दुधाचा चहा दिला आणि इथली पद्धत सांगितली. लांडगीण ज्या माळावर पिल्लं घालते, तो माळ पिल्लं हिंडती होईपर्यंत मेंढ्यांनी सोडायचा. बिळात धूर घालायचा नाही. त्या बदल्यात गाव गायरान चारू देतं. लांडग्याने मेंढरू नेलंच, तर बाकीचे वाडे मिळून त्या घरी कोकरू देतात.

"किती सुंदर सहजीवन!" निखिल म्हणाला.

"सुंदर कसलं? रोज शिव्या घालतोय तिला," बिरू म्हणाला.

"मग मारत का नाही?"

"ही गेली की दुसरी येती. नवखी लय नासधूस करती. हिचं आमाला ठाऊक हाय."

पलीकडच्या माळावर लांडगिणीचं बीळ होतं. हौसाबाईंनी दुरूनच एक बाभळ दाखवली. "तिथवर जावा. म्होरं पाऊल टाकायचं न्हाई. माणसं दिसली की ती पिल्लं हलवती."

निखिलने छातीवर हात ठेवून शब्द दिला.

बाभळीपाशी तासभर बसल्यावर लांडगीण दिसली. बारीक, धुळीच्या रंगाची. पहिल्यांदा पाहणाऱ्याला गावठी कुत्रीच वाटेल. ती आमच्याकडे बघून आत गेली. आम्ही तिला पसंत पडलो नाही.

संध्याकाळी खोलीवर निखिलने ती जागा त्याच्या निसर्गप्रेमी ग्रुपवर टाकली. खाली लिहिलं, 'आपल्यातच राहू दे.'

सकाळी आपल्यातले सगळे आले. माळाच्या पायथ्याशी गाड्या, गळ्यात दुर्बिणी, एकाच्या टोपीवर वाघ. बाभळ केव्हाच मागे पडली होती. कुणीतरी ड्रोन उडवला. थोड्या वेळाने लांडगीण तोंडात पिल्लू धरून बाहेर पडली, रस्ता ओलांडून गायरानात घुसली, परत आली, दुसरं नेलं. सगळे हळहळले आणि सगळ्यांनी फोटो काढले.

आम्ही वाड्यावर पोहोचलो तेव्हा हौसाबाई मेंढ्यांभोवतीची वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, गुंडाळत होत्या.

"मावशी, ती तर तिथून गेली," निखिल म्हणाला. "आता तुम्हाला तो माळ मोकळा!"

"त्या माळावर कुसळं हायती नुसती. ती आमच्या चाऱ्यात येऊन बसली. आता गायरान सोडायचं."

"पण यात तुमची काय चूक? या वेळेपुरता नियम..."

"नियम तुमी बी मोडायचा आन आमी बी मोडायचा? मग पाळायचा कुणी? तिनं?"

बिरूने घोड्यावर बिऱ्हाड लादलं. निम्म्याहून जास्त मेंढ्या गाभण होत्या. आता चारा होता तो सांगली जिल्ह्यात, ऊस तुटलेल्या रानांत, म्हणजे कित्येक दिवसांची चाल. जाताना बिरूने आमच्याकडे पाहिलं नाही. कुत्र्यानेही नाही.

भडंगासाठी आम्ही उलटा वळसा घालून सांगलीमार्गे परतलो. भडंग घ्या, लसूण जास्त असलेलं सांगून मागावं लागतं. निखिलने गाडीतच पिल्लू नेणाऱ्या लांडगिणीचा फोटो टाकला. नाव दिलं 'मातृत्व'. पुण्यात पोहोचेपर्यंत हृदयं मोजण्यापलीकडे गेली होती.

काही दिवसांनी मी बिरूला फोन केला. कळप विट्याजवळ होता.

"मेंढ्या कशा आहेत?"

"दोन-तीन वाटंतच गाभडल्या. पोटातली कोकरं गेली." मागून हौसाबाई काहीतरी बोलल्या. बिरू म्हणाला, "ही म्हणती, लांडग्यानं न्हेली आसती तर वाड्यांनी कोकरं दिली आसती. आता कुणाचं नाव सांगून मागायची? निखिलरावांचं?"

मी निखिलला हे सांगितलं. त्याला खरंच वाईट वाटलं. त्याने फोटोखाली हात जोडलेलं चित्र टाकलं.

आता मलाही जागा विचारणारे निरोप येतात. सगळे प्राणिप्रेमी, सगळे जबाबदार, सगळे फक्त दुरून पाहणार. सर्वांना एकच उत्तर देतो: महाबळेश्वरला जा. तुम्हाला पाहून स्ट्रॉबेरी जागा सोडत नाही.