दोर धरणारा नोकर

सुताराच्या पोटात दुखायचं ते एकाच वाक्याला. नाटकातला मालक शेवटी हात वर करून म्हणायचा, "जा, तू मोकळा!" आणि त्याचा हवेत उडणारा नोकर उडून जायचा. या हवेतल्या नोकराचं काम करायचा सुताराचा धाकटा मेहुणा, दिवसा कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकांपुढे तागे उलगडणारा. आणि सुतार? तो दुसरा नोकर, लाकडं वाहणारा. दिवसभर कारखान्यात लाकूड, संध्याकाळी स्टेजवरही लाकूडच. काय नशीब म्हणावं!

अहो, दोघंही त्याच मालकाचे गुलाम, दोघांनाही सुटकाच हवी. एक "मालक, मालक" करत गोड बोलून मागतो, दुसरा शिव्या देऊन मागतो. गोडबोल्याला मिळते, शिव्या देणाऱ्याच्या पाठीवर आणखी एक ओंडका. हा कुठला न्याय, असं सुतार तालमीतसुद्धा कुरकुरायचा. त्यात मंडळी हौशी, माणसं कमी. म्हणून मेहुण्याला उडवायचा दोर विंगेत धरायचा कोणी, तर सुतारानेच. वरची कप्पीही त्यानेच बसवलेली.

त्या दिवशीच्या प्रयोगाला मोठ्या नाटक कंपनीची माणसं मेहुण्याला बघायला पहिल्या रांगेत येऊन बसली होती. आवडला तर त्याचं दुकान कायमचं सुटणार होतं. सुताराची बायको सकाळपासून भावाचंच कौतुक करत होती. सुतार नुसता जळत होता.

"जा, तू मोकळा!"

सुताराने दोर ओढलाच नाही. घट्ट धरून उभा राहिला. म्हटलं, आज उडून दाखव बेट्या!

मालकाने वाक्य पुन्हा म्हटलं. मेहुण्याने विंगेकडे पाहिलं. मग दोर अडकवलेला कमरेचा पट्टा सोडून खाली टाकला, स्टेजच्या पायऱ्या उतरला आणि प्रेक्षकांमधून चारचौघांसारखा चालत दाराबाहेर गेला. अख्खं थिएटर उठून उभं राहिलं. टाळ्या थांबेचनात.

पडदा पडल्यावर थोड्या वेळाने मेहुणा धावत विंगेत आला आणि त्याने सुताराला मिठीच मारली. "दाजी, घेतलं त्यांनी मला! त्या चालण्यावरच घेतलं म्हणाले. तुम्ही मुद्दामच ओढलं नाहीत ना?"

सुताराने दोर आणखीच आवळून धरला.

मागोमाग बायको आली, डोळे पुसत. "बघितलंत ना, कसा चालत गेला माझा भाऊ!" मग तिचं लक्ष नवऱ्याच्या हातांकडे गेलं. "अहो, तो तर कधीच गेला. तुम्ही दोर का धरून उभे आहात अजून?"