पस्तीस यार्डांचा नियम आणि बंद झालेली सीमा

ट्रायलचं ईमेल आलं त्या संध्याकाळी आम्ही आधी बातम्या लावल्या, मग आनंद केला. २०२०चा डिसेंबर होता. कुठेही जायचं तर आधी कोव्हिडच्या केसेस बघायच्या, ही सवयच लागली होती.

समीर, माझा नवरा, नाशिकहून मास्टर्ससाठी सिडनीला आला आणि इथलाच झाला. आठवडाभर आयटी सपोर्ट आणि शनिवारी हौशी क्लबात अमेरिकन फुटबॉल. त्याचं काम एकच, पंट. म्हणजे टीम अडकली की चेंडू हातातून सोडून लांब लाथाडायचा. समीरची खासियत अशी की चेंडू समोरच्या टीमच्या गोल लाइनजवळ बाजूच्या रेषेबाहेर जायचा, आणि त्यांना तिथूनच, अगदी कोपऱ्यातून सुरुवात करावी लागायची. अमेरिकेत नवी व्यावसायिक लीग सुरू होत होती आणि तिच्यासाठी शेजारच्या क्वीन्सलँड राज्यात, गोल्ड कोस्टला, खेळाडू निवडायची ट्रायल होती. समीर एकतीस वर्षांचा. पुन्हा कोणी बोलावेल असं वाटत नव्हतं.

गाडीनेच जायचं ठरवलं, कारण विमानं कधी रद्द होतील सांगता येत नव्हतं. कोव्हिड टेस्ट निगेटिव्ह, क्वीन्सलँडचा बॉर्डर पास फोनमध्ये, डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. सिडनीतल्या हॅरिस पार्कहून पहाटे निघालो की अर्ध्या वाटेवरचं कॉफ्स हार्बर साधारण सहा तास. रस्ता सुरेख आहे, पण टोल संपला की पेट्रोलकडे लक्ष ठेवा. मोटेल एकशेतीस डॉलर्सना मिळालं, रूम स्वच्छ होती. रिसेप्शनवरच्या बाईने काचेमागून विचारलं, "फ्रॉम सिडनी, आर यू?" आणि किल्ली काउंटरवरून पुढे सरकवली. हातात दिली नाही.

तिथेच दुसरं ईमेल आलं. लीगचे बदललेले नियम. समीरने ते दोनदा वाचलं आणि पलंगावर बसला.

"काय झालं?"

"पंट बाजूने बाहेर गेला तर समोरच्यांना थेट पस्तीस यार्डांवर चेंडू. कोपरा वगैरे काही नाही. त्यांना चेंडू घेऊन पळणारे लोक दाखवायचेत गं, बाहेर जाणारा चेंडू नाही."

"म्हणजे तुझी..."

"हो. माझी जी एक गोष्ट आहे, तीच गुन्हा झाली."

टचडाउननंतरची, म्हणजे चेंडू गोल लाइनपलीकडे नेल्यावर मिळणारी, एका पॉइंटची किकसुद्धा त्यांनी काढून टाकली होती. पायाने खेळणाऱ्यांवर या लोकांचा काय राग आहे, असं मी म्हटलं. तो हसला नाही.

संध्याकाळी जवळच्या ओव्हलवर, म्हणजे खेळाच्या मैदानावर गेलो. चेंडू उंच जावा, आतच पडावा आणि गोल लाइनच्या अलीकडे थांबावा, अशी त्याची खटपट. मी चेंडू आणून देत होते. दहातले सहा रेषेबाहेर. सहा वर्षं पायाला जे शिकवलं ते पाय कसा विसरणार?

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. ऑगस्टमध्ये माझे बाबा नाशिकला वारले. देश सोडायला परवानगी लागत होती, परतीचं तिकीट मिळत नव्हतं. मी त्यांचे अंत्यविधी फोनवर पाहिले. समीर निवडला गेला असता तर अमेरिकेला गेला असता, आणि परत कधी येऊ शकला असता हे कोणीच सांगू शकत नव्हतं. मी त्याला "तुला जमेल" म्हणत होते आणि बाहेर गेलेला प्रत्येक चेंडू पळत जाऊन आणत होते.

दुसऱ्या दिवशी बालिनाच्या पुढे रेडिओवर ऐकलं: सिडनीकरांसाठी क्वीन्सलँडची सीमा बंद. तरीही सीमेवरच्या ट्वीड हेड्सपर्यंत गेलो. पोलिसाने पास पाहिला, पत्ता पाहिला. "सॉरी मेट. टर्न अराउंड ऑर टू वीक्स इन अ होटेल."

समीरने गाडी बाजूला घेतली आणि निवड करणाऱ्या कोचला फोन लावला. जेफ त्याचं नाव, खरखरीत आवाजाचा माणूस. तो म्हणाला, सीमेवर नारिंगी प्लास्टिकचे बॅरियर आहेत, त्यांच्यालगत तुमच्या बाजूला मैदान आहे. ट्रायल संपली की दोन वाजता येतो, पलीकडून बघतो. (जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा: उन्हाळ्यात ट्वीड हेड्सचं घड्याळ रस्त्यापलीकडच्या, क्वीन्सलँडमधल्या कूलंगाटाच्या एक तास पुढे असतं. त्याचे दोन म्हणजे आमचे तीन.)

बॅरियरच्या दोन्ही बाजूंना माणसं खुर्च्या टाकून बसली होती. कोणी नातवंडाला लांबून केक दाखवत होतं. त्यांच्यातून जेफ पुढे आला, स्टॉपवॉच हातात. "टेन किक्स. सेवन इन, इनसाइड द ट्वेंटी." म्हणजे दहापैकी सात चेंडू आत, गोल लाइनपासून वीस यार्डांत. पलीकडची साइडलाइन त्याला तिथून दिसत नव्हती, आत की बाहेर हे मी सांगायचं. "युअर वाइफ कॅन कॉल इट?"

"शी कॅन," समीर म्हणाला.

मी रेषेवर उभी राहिले. फोन स्पीकरवर. समुद्राकडून वारा होता. पहिला आत. दुसरा बाहेर. मी ओरडत होते, जेफ "ओके" म्हणत होता. नऊ झाले तेव्हा आत सहा होते.

दहावा खूप उंच गेला. खाली येऊन एकदा आत आपटला, वाकडा उडाला आणि माझ्या पायांजवळ रेषा ओलांडून पडला. पांढरी रेषा आणि चेंडू यांच्यात एक वीत गवत होतं. समीर लांबून माझ्याकडे बघत होता. त्याला दिसलं नव्हतं. जेफलाही नाही.

"कॉल?" फोनमधून आवाज आला.

"आउट," मी म्हणाले.

जेफ चांगला माणूस. म्हणाला, पाय उत्तम आहे, पण हे नियम तुझ्यासाठी बनवलेले नाहीत. समीरने लांबूनच हात हलवला. परतीच्या रस्त्यावर आम्ही चिप्स खाल्ल्या.

घरी पोचल्यावर पुन्हा टेस्ट केली आणि रिझल्ट येईपर्यंत घरात बसलो. दुसऱ्या दिवशी मी त्याला सांगितलं. "चेंडू बाहेर पडला तेव्हा मला बरं वाटलं. आत पडला असता तरी मी काय म्हटलं असतं, मला माहीत नाही."

तो खिडकीपाशी गेला. म्हणाला, "पण बाहेर होता ना?"

"एक वीत."

"मग कॉल बरोबर होता." आणि माझ्याकडे न बघता, "बाकीचं मला त्या ओव्हलवरच कळलं होतं. मी बाहेर मारला की तू जास्त जोरात पळायचीस."

तो दिवस आम्ही एकाच घरात वेगवेगळ्या खोल्यांत काढला.

रिझल्ट निगेटिव्ह आला. शनिवारी त्याने कपाटातून खेळायचे बूट काढले, चेंडू पिशवीत टाकला आणि दारात थांबला.

"येतेस?" तो म्हणाला. "रेषेवर कोणीतरी लागतं."